रिकामा ताबा

२९ डिसेंबर २०२५, सोमवार. आदर्श नगर, जयपूर

घर झालं! दुपारी रजिस्ट्री पार पडली, किल्ल्यांचा जुडगा माझ्या पर्समध्ये आहे, आणि मी स्वतःच्या व्हरांड्यात उन्हात पाय सोडून, कचोरीचा तेलकट कागद बाजूला सारून ही वही उघडली आहे. 'घर पाहावं बांधून' असं ज्याने म्हणून ठेवलं त्याने परदेशी पासपोर्टावर घर विकत घेऊन पाहिलेलं नसणार. माझा जन्म सांगलीचा, शाळा जयपूरची. बाबा विमा कंपनीत होते, बदली होऊन इथे आले, आम्ही तिलक नगरात राहायचो. पुढे लग्न झालं, नोकरीपायी आम्ही दोघं नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला गेलो, तिथलंच नागरिकत्व घेतलं, आणि आता माझ्याच शाळेच्या गावात मी 'परदेशी खरेदीदार'. विकणारे अरुण खुराना याच गल्लीत पतंग उडवत वाढले, आता टोरंटोत असतात, कॅनडाचे नागरिक आहेत. दोन परदेशी एका जयपुरी घराचा सौदा करत होते आणि दोघांचंही हिंदी तिथल्या कारकुनापेक्षा बरं होतं.

खुराना स्वतः आले नाहीत. त्यांचं मुखत्यारपत्र दलालाकडे, म्हणजे संग्रामसिंहजींकडे होतं. भरघोस मिशा, मऊ आवाज, आणि कुठल्याही अडचणीवर एकच उत्तर: हो जाएगा मैडम. आणि खरंच झालं. खरेदीखतात 'खाली कब्ज़ा', म्हणजे रिकाम्या घराचा ताबा दिला, असं स्पष्ट लिहिलं आहे. तेवढं वाक्य मी त्यांना परत वाचून दाखवायला लावलं.

घर बैठं आहे. पुढे व्हरांडा, मग बैठकीची खोली, तिच्यामागे झोपायची खोली, बाजूला स्वयंपाकघर. बाहेरून जिना, वर गच्ची. खुराना गेल्यापासून घर बंद होतं, तरी कोळिष्टकं नाहीत, कुबट वास नाही. दाराबाहेर मात्र एका पुरुषाच्या चपला. गच्चीवर दोरीला धोतर आणि पांढरा कुर्ता. माझ्या कपाळाला आठी पडलेली पाहून शेजारच्या तारामतीजी पोट धरून हसल्या. सत्तरीच्या आहेत, मूळ मुलतानकडच्या कुटुंबातल्या. त्यांनी सांगितलं ते असं. मालक परदेशात आणि घर बंद, हे कळलं की कुणीतरी कुलूप तोडून शिरतं, मग कोर्टात पिढ्या जातात. म्हणून खुरानांनी जाताना विनवलं होतं की घरात कुणी राहतंय असं दिसू द्या. तेव्हापासून तारामतीजी रोज सकाळी कुर्ता-धोतर वाळत घालतात, संध्याकाळी काढतात, चपला ठेवतात, आणि कुणी विचारलंच तर सांगतात, दादाजी आत झोपलेत. दादाजी नावाचा कुणी नव्हताच. सगळ्या गल्लीने मिळून एक म्हातारा सांभाळला.

नवऱ्याला, उमाकांतला, फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, म्हणजे घरासोबत एक सासरा फुकट! तो तिकडचं घर आवरून फेब्रुवारीत येणार. तोवर उंटावरून शेळ्या हाकणार, आणि तेही आता उंटांच्या गावात. फार आनंदात आहे मी आज.

३१ डिसेंबर

धोतर-कुर्ता धुऊन, घडी करून तारामतीजींना परत केला. चपला एका भंगारवाल्याला दिल्या. तारामतीजींना सांगितलं, आता मी आले, दादाजींना रिटायर करा. त्या हसल्या, पण जरा ओशाळल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांची सवय आहे, सकाळी हात आपोआप दोरीकडे जातो.

विजेचं मीटर माझ्या नावावर करायला गेले. 'विजयालक्ष्मी उमाकांत सहस्रबुद्धे' हे नाव त्यांच्या कॉम्प्युटरच्या रकान्यात मावत नाही. त्या मुलाने निर्विकारपणे सुचवलं की मैडम, नाव थोडं छोटं करून आणा. नाव काय परकर आहे, दुमडून शिवायला?

३ जानेवारी २०२६

दाराबाहेर चपला. त्याच नव्हेत, पण तशाच, टाच झिजलेल्या.

तारामतीजींना विचारलं. त्यांनी कानाला हात लावून सांगितलं की आपण ठेवल्या नाहीत. मी हसून सोडून दिलं, पण मनातून चिडले. सवय सुटत नसेल तर तसं म्हणावं, खोटं कशाला बोलायचं?

६ जानेवारी

आज डोक्याची मंडई झाली. घरावर नाव चढवायचं तर एका ऑफिसचा माणूस येऊन ताबा पाहून जातो. खरेदीदार परदेशी नागरिक म्हणून तपासणी जास्त कडक. तो काल येऊन गेला म्हणे! आणि त्याने शेरा मारला: घर रिकामे नाही, एक वृद्ध गृहस्थ राहतात, सबब ताबा संशयास्पद.

मी काल दिवसभर घरात होते. कुणी आलं नाही. ऑफिसात जाऊन विचारलं, तर तो साहेब शांतपणे म्हणाला की तुम्ही नव्हतात, बाबूजींनी दार उघडलं, त्यांच्याशी बोलणं झालं. मी आवाज चढवला. त्याने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, थंडीच एवढी आहे, तरी त्याने पाहिलं.

संग्रामसिंहजींना झापलं. ते म्हणाले, मैडम, गल्लीत कुणाला तरी विचारून घरी बसून शेरा मारला असेल, ऐसा ही होता है. दुसरी तपासणी लावून देतो. हो जाएगा.

९ जानेवारी

हद्द झाली. आज बँकेचा माणूस पत्ता तपासायला आला. मी स्वयंपाकघरात तिळाचे लाडू वळत होते, दार सताड उघडं. संध्याकाळी बँकेतून फोन: मैडम सदर पत्त्यावर राहत नाहीत असं तिथल्या बुजुर्गांनी सांगितलं. मी म्हटलं, त्याच पत्त्यावरून बोलतेय! पलीकडची मुलगी म्हणाली, सिस्टिममध्ये तसं आलंय.

म्हणजे नसलेला म्हातारा घरात आहे आणि असलेली बाई नाही. उमाकांत हसला. हसायला त्याचं काय जातं! मी फोन आपटला. मग परत लावला, कारण इथे माझ्याशी मराठीत भांडायला तरी दुसरं कोण आहे?

फोन झाल्यावर उगाच सगळ्या खोल्या पाहिल्या. कुणी नाही. झोपायच्या खोलीतली वेताची खुर्ची, खुरानांनी सोडलेली, खिडकीकडे तोंड करून होती. सकाळी भिंतीकडे होती बहुतेक. मीच सरकवली असेन झाडताना.

१२ जानेवारी

झालं काम! आणि कसं, ते लिहायलाच हवं.

ऑफिसचा माणूस आज पुन्हा आला. मी फाटकातच उभी राहिले, म्हटलं बघू हा कुणाशी बोलतो. तो माझ्याशीच बोलत होता, आणि मध्येच माझ्या खांद्यावरून घरात बघून त्याने हात जोडले, नमस्ते बाबूजी. अगदी सहज. मी वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, ते आता कळत नाही. ऊन छान होतं, भाजीवाला ओरडत होता. त्याने विचारलं, तर मग हे कोण? भाडेकरू? मी म्हटलं असतं, कुणी नाही, तर पुन्हा तोच शेरा, पुन्हा नवी तपासणी. या लोकांपायी माझ्या नाकी नऊ आले आहेत. मी फाडकन म्हटलं, मेरे पति हैं, और कौन होंगे!

त्याचा चेहरा उजळला. मग अडचणच नाही, म्हणाला. पती म्हणजे घरचाच माणूस, ताबा निर्वेध. उभ्या उभ्या शेरा मारला. दुपारी बँकेचाही फोन आला, पत्ता मंजूर. मीटरसुद्धा झालं, आणि माझं सगळं नाव त्या रकान्यात मावलं. एका वाक्याने! सरळ बोटाने तूप निघत नाही ते असं.

उमाकांतला सांगितलं की तू इथे अधिकृतपणे हजर आहेस. तो म्हणाला, मग आता तिकीट कशाला काढू?

१५ जानेवारी

कालची संक्रांत. सकाळपासून सगळं जयपूर गच्चीवर, आकाशात पतंगांना जागा नाही, 'वो काटा'च्या आरोळ्या. लहानपणी आम्ही तिलक नगरात असंच ओरडायचो.

एका खोट्याला मात्र रोज दाणापाणी घालावं लागतं. तारामतीजींना ऑफिसच्या माणसाकडून कळलं की माझे साहेब, म्हणजे उमाकांत, आले आहेत. कधी आले, दिसत कसे नाहीत, पतंग उडवायला का नाही आले? म्हटलं, त्यांना थंडी बाधते. मग त्यांच्यासोबत आणखी दोघीजणी विचारायला बसल्या. माणूस खोटं किती रचणार? मी उमाकांतचंच खरं खरं सांगत गेले. चहा बिनसाखरेचा, आलं ठेचून. बोलायच्या आधी दोनदा खाकरतात. कपाटाचं दार कधी म्हणून लावत नाहीत. स्टेशनच्या गर्दीत हरवलेल्या माझ्या पाकिटापायी आमची ओळख झाली. सांगता सांगता मलाच भरून आलं, इतकी मला त्याची आठवण येते आहे. त्या बायका डोळे पुसत होत्या.

१८ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू केलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या, शेजारणीही आल्या. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी तनया जगतपुऱ्याहून स्कूटरवर आली. ती इथेच डॉक्टर आहे. जन्म इथला, त्यामुळे मराठी अडखळत, हिंदीचा हात धरून बोलते. आल्या आल्या म्हणाली, मावशी, मतलब काका आलेत आणि तू मला सांगितलं पण नाहीस? सगळ्यांसमोर खुलासा कसा करणार? मी नुसती हसले.

मग बायकांनी उंबऱ्यात अडवलं. नव्या घरात नाव घेतल्याशिवाय पाऊल टाकू देणार नाही म्हणाल्या. मी उखाणा घेतला:

जयपुरी रजईत कापूस भरला मऊ,
उमाकांतरावांचं नाव घेते, तिळगूळ मिळून खाऊ.

टाळ्या पडल्या. आणि झोपायच्या खोलीतून कुणीतरी दोनदा खाकरलं.

बायका खिदळल्या, बघा, ऐकलं त्यांनी! तनया वाटीत तिळगूळ घेऊन आत गेली. मी तिला थांबवायला हात पुढे केला, पण हातात हळदीकुंकवाची कोयरी होती. रिकामी वाटी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, काका किती स्वीट आहेत, म्हणाले गोड बोला.

आजवर तो हिंदी बोलत होता. आज मराठी.

सगळ्या गेल्यावर मी आत पाहिलं. कुणी नव्हतं. कपाटाचं दार उघडं होतं.

१९ जानेवारी

उमाकांतशी बोलले. त्याला बरं नाही का, कोण जाणे. सकाळी चहा कसा करायचा तेच सुचेना म्हणाला, शेवटी दोन चमचे साखर घालून प्यायला. मी म्हटलं, तू आणि साखर? म्हणाला, का, मी घेत नाही का?

मी सहज म्हटल्यासारखं केलं, तू बोलायच्या आधी खाकरतोस ते आज खाकरला नाहीस. तो म्हणाला, मी कधी खाकरतो?

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी शिव्या घातल्या. मी शिव्या घातल्या की तो नेहमी म्हणतो, 'विजू, पट्टी खाली घे.' आज म्हणाला नाही. मग आठवलं, तेही मी परवा तारामतीजींना सांगितलं होतं, कौतुकाने.

२० जानेवारी

आता कळलं. लिहून टाकते, म्हणजे उद्या मलाच भास वाटायला नको.

याला स्वतःचं काही नाही. तो लोकांच्या बोलण्याचा झाला आहे. तारामतीजी म्हणाल्या झोपलेत, तर तो झोपून राहिला. मी म्हटलं माझा नवरा आहे, तर तो माझा नवरा व्हायला लागला. मी उमाकांतबद्दल इथे जे जे बोलले, ते ते याला मिळालं, आणि जे इथे येतं ते तिथून जातं. पाकिटाची गोष्ट काल विचारली. उमाकांतला ती आठवत नाही. आमची ओळख कशी झाली ते आठवत नाही. तो घाबरला आहे, मला हसून दाखवतो.

आणि हा आत खुर्चीत बसून गुणगुणतो. उमाकांतच गुणगुणतो असा, सूर सोडून.

२१ जानेवारी

ऑफिसात गेले. साफ सांगितलं की मी खोटं बोलले, तो माझा नवरा नाही. साहेबाने चष्मा काढला. मग कोण आहे? म्हटलं, कुणी नाही. म्हणाला, मैडम, मी स्वतः पाहिलंय. नवराबायकोचं भांडण घरी मिटवा, ऑफिसात आणू नका.

संग्रामसिंहजींना म्हटलं, घर विका. उद्याच्या उद्या, पडेल त्या भावाने. ते म्हणाले, हो जाएगा, साहब से बात हो गई है, पण साहब नाही म्हणतात. साहेबांना हे घर आवडलंय.

माझ्या घराबद्दल माझ्या दलालाशी तो बोलतो! मी रस्त्यात उभी राहून रडले. रागाने रडले. तारामतीजींनी घरात नेऊन पाणी दिलं, आणि समजूत घातली की पुरुषमाणसाचं असंच असतं, निभावून न्यावं.

त्यांना विचारलं, तुमचा दादाजी दिसायला कसा होता हो? त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, ते काही आम्ही ठरवलंच नव्हतं. कुणी विचारलंच नाही.

२२ जानेवारी

सकाळी पाहिला. स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, पांढरा कुर्ता. हात उमाकांतचे. उजव्या हाताची करंगळी वाकडी, तीही मीच सांगितली असणार कुणाला तरी. मान खाली घातलेली. मग वर केली.

वाईट काही नव्हतं तिथे. जखम नाही, रक्त नाही. चेहराच नव्हता. कुणी सांगितलेला नाही म्हणून.

म्हणाला, विजू, चहा ठेवतेस?

ठेवला मी. ठेवला! त्या आवाजाला मी नाही म्हणू शकत नाही. मग मोरीत जाऊन ओकले.

२३ जानेवारी

तिकीट काढलं, सव्वीसचं. डेल्फ्टला जाते. उमाकांतसमोर बसेन आणि त्याला सगळं परत सांगेन, पहिल्यापासून. चहा, पाकीट, करंगळी, सगळं. बोलण्याने गेलं तर बोलण्याने परत येईल. यायलाच हवं.

तनयाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मावशी तू बहुत थकली आहेस, मी काकांशी बोलू का? मी म्हटलं, कुठल्या काकांशी?

ती म्हणाली, कुठल्या मतलब?

२४ जानेवारी

व्हिडिओ लावला. उमाकांत दिसला. आमच्या डेल्फ्टच्या स्वयंपाकघरात, कोट घालून, जणू कुठे निघायचंय पण कुठे ते माहीत नाही. माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं. डच भाषेत विचारलं की आपण कोण?

मी ओरडले, अरे मी विजू!

पुन्हा तेच, अगदी नम्रपणे. आपण कोण?

फोन भिंतीवर फेकला. फुटला. माझा हा राग — सगळे फोटो त्यातच होते. अल्बम सामानाबरोबर जहाजात.

आतून आवाज आला, विजू, पट्टी खाली घे.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

सकाळ. ऊन आलंय. विमान उद्याचं, बॅग आजच दारात.

तो बैठकीत आहे. मी व्हरांड्यात. पाठ त्याच्याकडे.

चालले, म्हटलं. तो म्हणाला, कुणाकडे? तिथे कोण राहिलंय? आपलं लग्न, सांगलीचा मांडव, तुझी आई गेली तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर मी तुझे पाय दाबत बसलो — सगळं इथे आहे. माझ्यापाशी.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पायाचं. कुणालाच. — की सांगितलं होतं? काल चहा करताना मी त्याच्याशी —

बोलले मी त्याच्याशी. बोलले. उमाकांतशी बोलते तशी.

खरं तेच म्हणतो तो. जे जे म्हणून उमाकांत, ते या घरात आहे. तिथे नुसता कोट आणि चेहरा. मी गेले तर उमाकांतला टाकून जाते. राहिले तर —

नाही. जाणार. चेहरा तिथे आहे. चेहरा आहे तोवर तो माझा आहे. बाकीचं मी भरेन.

थोड्या वेळाने

तो विचारतो आहे. हळू, लाडीगोडीने. मी दिसायला कसा होतो गं?

सांगणार नाही. जीभ चावून बसले आहे.

भीती दुसरीच आहे. काल फोन फुटल्यापासून उमाकांत डोळ्यांपुढे आणते आणि — अंधुक. हा पाठीमागे सारखा त्याच्या आवाजात बोलतो, आणि याला चेहरा नाही, आणि ते दोन्ही एकमेकांत — उद्या विमानतळावर उतरून त्याच्या शेजारून निघून गेले तर? ओळखलंच नाही तर?

लिहून ठेवते. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. ओठ मिटून लिहिते. फक्त माझ्यासाठी.

उमाकांत. रंग सावळा. कपाळ रुंद, मधोमध एक उभी आठी, हसतानासुद्धा असते ती —

खुर्ची सरकली.

भुवया दाट. डाव्या भुवईत एक खाच, लहानपणी झोपाळ्यावरून पडला तेव्हाची. मी तिथे बोट ठेवते तेव्हा तो —

मागे उभा आहे. खांद्यावरून वाचतोय. वहीवर सावली.

खिडकीच्या काचेत दिसलं. त्याला कपाळ आहे. आठी आहे. भुवईत खाच.

तिथे डेल्फ्टला आता — अरे देवा, तिथे आता —

नको. इथेच थांबवते. खोडते. खोडलं तर जाईल का परत? खोडते आहे — शाई पसरली, पण काचेत तसंच —

हात धरलाय माझा. ऊब आहे हाताला. उमाकांतचाच हात. विजू, म्हणतो, लिही गं. डोळ्यांचं लिही.

नाही लिहिणार. डोळे नाही देणार. ते तेवढे त्याचे राहू देत, मला ओळखायला त्याला ते — त्या तपकिरी —

नाही, नाही लिहिलं मी, मी फक्त